कायदा संसदेचा, ठाणे राज्याचे

गेली सत्तावीस वर्षे मी नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास व राज्यशास्त्र शिकवीत आहे. संघराज्याचा पाठ आला की फळ्यावर तीन रकाने आखायचे, संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची अशी शीर्षके द्यायची आणि त्यांखाली विषय लिहून घ्यायचे, हा आमचा नेम. मुले ते पाठ करतात व गुणही मिळवतात. मागील वर्षी मात्र वसतिगृहातील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, आमच्या गावात पाण्यावरून मारहाण झाली. हा विषय कोणत्या रकान्यातला?" वर्ग शांत झाला. मलाही लगेच उत्तर देता आले नाही.

मूळ संविधानात संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. 'अस्पृश्यता' हा शब्द या सूच्यांत शोधून सापडत नाही. तो अनुच्छेद १७ मध्ये आहे. आणि त्याची खरी पाठराखण करणारा अनुच्छेद ३५ आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. मूलभूत हक्कांच्या भागात जे कृत्य अपराध ठरविले आहे, त्याला शिक्षा ठरविण्याचा अधिकार फक्त संसदेला असेल, राज्य विधिमंडळाला असणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. म्हणून १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम संसदेने केला आणि तो साऱ्या देशासाठी केला. प्रांतोप्रांतीच्या विधिमंडळांत बहुमत कोणाचे असणार, हे घटनाकारांना ठाऊक होते. ज्यांच्या हाती गावाची सत्ता, त्यांच्याच प्रतिनिधींनी अस्पृश्यतेची शिक्षा ठरवावी, हा धोका त्यांनी पत्करला नाही. सत्तेची वाटणी करताना दुर्बळाचे हित पाहिले की ती कशी होते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

एवढ्यावरून आपल्यातील अनेक मंडळी निष्कर्ष काढतात की बाबासाहेब बलवान केंद्राचे पुरस्कर्ते होते, तेव्हा केंद्राच्या हाती जितकी सत्ता तितके आपले भले. हे अर्धेच वाचन झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी हे संघराज्य राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणाही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही, असे बजावले होते, हे खरे. परंतु त्याच बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या तरतुदीवरील चर्चेत, ती तरतूद वापरण्याची पाळीच येऊ नये, ती कागदावरच राहावी, अशी आशा व्यक्त केली. पुढे काय झाले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. १९५९ साली केरळचे निवडून आलेले सरकार गेले, १९८० साली महाराष्ट्रातील गेले, आणि मधल्या काळात इतर राज्यांतील कितीतरी. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने अशी घोषणा न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणली, तेव्हा कुठे या हत्याराची धार बोथट झाली. केंद्राला बळ हवे, तसा लगामही हवा. या दोन गोष्टी बाबासाहेबांच्या विचारात परस्परविरोधी नव्हत्या.

आता त्या मुलीच्या गावाकडे येऊ. कायदा संसदेचा असला, तरी सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतील पहिले दोन विषय आहेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही दिल्लीत झाला, पण फिर्याद लिहून घेणारा ठाणे अंमलदार राज्याचा नोकर आहे, आणि तपास करणारा उपअधीक्षकही राज्याचाच. येथे सत्तेची वाटणी आपल्या विरोधात जाऊ शकते. केंद्राने म्हणावे, अंमलबजावणी राज्याकडे; राज्याने म्हणावे, कायदा केंद्राचा. शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपल्या पालकांना या खेळाचा अनुभव आहेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या खर्चात केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के वाटा, असे डिसेंबर २०२० मध्ये ठरले. पण रक्कम खात्यात उशिरा आली, तर कोणाचा वाटा अडला हे महाविद्यालयाच्या खिडकीवर कोणी सांगत नाही.

तथापि याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांत एक तरतूद आहे, जिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय दक्षता समितीने वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत व जुलैत, बैठक घेतली पाहिजे. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अशीच समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. संसदेने राज्याच्या कारभारावर ठेवलेला हा पहारा आहे. पहारेकरी जागा आहे की नाही, हे विचारण्याचे काम नागरिकाचे. आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पै-पैशाने मागतो; या बैठकीचे इतिवृत्त किती जणांनी मागितले आहे?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोनच रकाने आखून दाखवले. एकात लिहिले: शिक्षा कोण ठरवतो. दुसऱ्यात लिहिले: फिर्याद कोण घेतो. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि खाली स्वतःहून तिसरी ओळ लिहिली: नाही घेतली तर कोणाकडे जायचे. या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज वकील आहेत, काही महसूल व पोलीस खात्यांत आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांना माझी विनंती आहे, की आपापल्या जिल्ह्यातील समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, तेवढे शोधून विद्यालयाला कळवावे. त्या तारखा मी वर्गाच्या फलकावर लावणार आहे.