खिळा कोणी ठोकला?

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका गावी मी बँकेत शाखाधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. मृग तोंडावर आला की पीककर्जासाठी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. एके दिवशी आमचे शिपाईमामा म्हणाले, "सायेब, मानूस सातबारा इसरून येतो, दोन तास रांगेत ऱ्हातो अन् खिडकीवरून वापस जातो. म्या दारातच कागदं बघू का?"

मी हो म्हणालो. मामांचे शिक्षण बेताचे. पण सातबारा, आठ-अ, सोसायटीचा बेबाकी दाखला हे सारे त्यांना नजरेने ओळखता येई. पुढे प्रत्येक गावाला वार नेमून देण्याची कल्पनाही त्यांचीच. पंधरा दिवसांत रांग निम्म्यावर आली.

हा प्रयोग मी वरिष्ठांना कळवला, तो 'मी केला' असे लिहून. अभिनंदनाचे पत्र आले. त्याला चौकट केली आणि ती टांगायला भिंतीत खिळा मामांनीच ठोकला. त्यानंतर त्यांनी मला एकही सूचना केली नाही. विचारले तर म्हणत, "तुमाला समदं ठाव हाय, सायेब."

सुधारणा म्हटली की आपण पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला बोलावतो. जपानच्या टोयोटा कंपनीने १९५१ पासून कामगारांकडूनच सूचना मागवल्या. आपल्या शेजारी, हैदराबादजवळ रामचंद्रपुरमच्या 'भेल' कारखान्यात, १९८० च्या सुमारास गुणवत्ता मंडळे निघाली. एकाच खात्यातली मोजकी माणसे नियमाने एकत्र बसतात आणि आपल्याच कामातली अडचण आपणच सोडवतात, एवढीच ती कल्पना.

कायदा तर आपल्याकडे कधीचाच आहे. १९७० च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत बँकांच्या संचालक मंडळावर कामगार संचालकाला जागा दिली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. तरी २०१४ नंतर अनेक बँकांत कामगार संचालकाची ती खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहिली. वर खुर्ची रिकामी आणि खाली माणूस गप्प!

म्हणून लातूरच्या डाळमिलवाल्यांना, नांदेडच्या एस.टी. आगाराला, दोन्हीकडच्या कचेऱ्यांना आणि इस्पितळांना माझे सांगणे साधे आहे. हमालाला, वाहकाला, झाडणाऱ्या बाईला विचारा. सूचना पटली नाही तर का पटली नाही तेही सांगा. पटली तर तिच्यापुढे त्याच माणसाचे नाव लिहा. भिंतीवरच्या सूचनापेटीने हे साधत नाही. बहुतेक पेट्यांच्या कुलपाची किल्ली कुठे आहे हेच कोणाला माहीत नसते.

मामांची एक कल्पना मी माझ्या नावावर घेतली. पुढच्या किती कल्पना त्यांनी मनातच ठेवल्या, त्याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही. मामा आता हयात नाहीत. कर्जवसुलीत आयुष्य गेलेल्या माझ्या नावावर हे एक देणे मात्र थकीतच राहिले.