हिरवळीचे कंत्राट

शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांपुढे एक प्रश्न वरचेवर येतो. आवारातील हिरवळीची निगा सभासदांनी स्वतः राखावी, की ते काम व्यावसायिक कंत्राटदाराकडे सोपवावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि चळवळीतील कार्यकर्तेही तो क्षुल्लक मानूनच मत देतात. कंत्राटी पद्धतीच्या निषेधार्थ १ मे रोजी उंचावलेले हात सप्टेंबरात सर्वांत कमी दराच्या निविदेसाठी वर होतात, ही विसंगती मात्र क्षुल्लक नाही.

निविदेचा दर कमी होतो तो कशातून? गवत तेवढेच असते, लव्हाळा तितक्याच चिवटपणे उगवतो, कापणीच्या यंत्राला पेट्रोलही तेवढेच लागते. कमी करता येण्याजोगी एकच बाब उरते, ती म्हणजे मजुरी. उन्हात उकिडवे बसून खुरप्याने तण काढणाऱ्या बाईला किमान वेतन मिळते काय, तिच्या नावे भविष्य निर्वाह निधी जमा होतो काय, याची चौकशी संस्थेचे चिटणीस करीत नाहीत. कारण ती करावी लागू नये म्हणूनच तर कंत्राटदार नेमलेला असतो. ‘डोकेदुखी नको’ या सभ्य शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच! कायद्याचा आधारही तोकडा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० कामगारांची होती. महाराष्ट्राने ती ५० वर नेली आणि नव्या श्रमसंहितेनेही ५० हाच आकडा धरला. दोन-तीन माळ्यांच्या आवारापर्यंत असला कायदा पोहोचणार कधी?

यावर काही सज्जन सभासद श्रमदानाचा मार्ग सुचवितात. साने गुरुजींच्या आणि सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्यांना तो आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे, आणि जेथे कोणाच्या पोटावर पाय येत नाही तेथे तो स्वागतार्हही आहे. मध्यमवर्गीय मुलांनी चार दिवस खुरपे धरले तर त्यांचे कल्याणच होईल. परंतु वर्षानुवर्षे आवार राखणाऱ्या माळ्याला काढून त्याच्या जागी रविवारची हौस उभी करणे, याला श्रमप्रतिष्ठा म्हणत नाहीत. ती शुद्ध खर्चकपात आहे. शिवाय ही हौस टिकते किती? महिन्याभरात खुरपी गंजतात आणि निविदा निघते. (काही ठिकाणी ती आधीच तयार असते.)

मुळात एवढी हिरवळ हवी कशाला, हेही विचारले पाहिजे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली या हौसेचे मर्म सांगून ठेवले आहे. हिरवळीवर गाय चरायला सोडणे सर्वांत सोपे. पण गाय उपयोगाची दिसते आणि श्रीमंताला निरुपयोगाचीच शोभा हवी असते. दख्खनच्या उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज ५ लिटर पाणी धरले तर ५०० चौरस मीटरची हिरवळ दिवसाला अडीच हजार लिटर पिते. जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी ५५ लिटरांचे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे पंचेचाळीस माणसांचे पाणी गवताला! सांडपाणी शुद्ध करून वापरणाऱ्या संस्थांना हा आक्षेप अर्थातच लागू नाही.

तेव्हा हिरवळ आटोक्यात आणावी, पण माळी ठेवावा, आणि तो संस्थेने स्वतः नेमावा. एक माळी सकाळी एका आवारात, दुपारी दुसऱ्या आवारात राबतो. त्याचा मालक कोण, असा प्रश्न मुद्दाम उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यानेच दिले आहे. मालक अनेक आणि कामगार विखुरलेला असला तरी मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि निधी, रजा, बोनस मंडळाने पाहावयाचा. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली असाच कायदा झाला. बागकाम करणाऱ्यांसाठी असे मंडळ असावे ही मागणी पक्षाच्या शाखांनी ठराव करून सरकारपुढे ठेवली पाहिजे.

मंडळ उद्या होणार नाही. पण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. संस्थेत राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी विषयपत्रिका निघण्यापूर्वी लेखी ठराव द्यावा. माळी संस्थेच्या पगारपत्रकावर घ्यावा. ते होईपर्यंत, मजुरी माळ्याच्या बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा पाहिल्याखेरीज कंत्राटदाराचे एकही बिल मंजूर करू नये.