दिवा विझवण्याआधी कोड लिहा

आयर्विन पुलाजवळची पुराच्या पाण्याची पातळी सांगलीकरांना समजावून द्यावी लागत नाही. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. मोटारीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा ‘चेक इंजिन’ दिवाही असाच दोन पायऱ्यांत बोलतो. तो स्थिर पेटला आणि गाडी नीट चालत असेल, तर बेताने चालवून लवकर तपासून घ्यावी. लुकलुकू लागला, तर बहुधा सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसते. ते तसेच पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, म्हणून वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. खरा घोटाळा पुढे होतो. स्कॅनर लावून ‘लाइट घालवून’ मिळते, नाहीतर बॅटरीची वायर काढून परत जोडली जाते. दिवा का पेटला होता, हे मालकाला कळतच नाही. म्हणून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसण्याआधी बिलावर लिहून देणे ही गॅरेजची मेहेरबानी न राहता गिऱ्हाइकाचा हक्क व्हायला हवा.

कोडसोबत बरेच काही पुसले जाते. बिघाड नोंदवताना गाडीचा संगणक त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, त्यावरचा भार आणि पाण्याचे तापमान साठवून ठेवतो. भरलेली गाडी खंबाटकी घाट चढताना एखादी इग्निशन कॉइल दगा देते आणि साताऱ्याच्या गॅरेजात तेच इंजिन उभ्या जागी बिनतक्रार चालते. अशा वेळी ही नोंद हाच पुरावा असतो. ती पुसली की मेस्त्रीला अंदाजाने एकेक भाग बदलावा लागतो आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.

यावर जुन्या मेस्त्रींचा आक्षेप असतो की कोड फसवतो, आणि त्यात तथ्य आहे. पी 0420 हा कोड कन्व्हर्टरचे काम मंदावल्याचे सांगतो. पण मूळ दोष ऑक्सिजन सेन्सरचा किंवा गळक्या सायलेन्सरचाही असू शकतो. कोड वाचून थेट महागडा भाग बदलणारा कारागीर आणि कोड न वाचता दिवा विझवणारा कारागीर, दोघेही निदान टाळतात. कोडने दिशा मिळते, पुढची परीक्षा अनुभवी कानालाच द्यावी लागते. लिहिलेला कोड मेस्त्रीच्या कसबाला कमीपणा आणत नाही. उलट तीच तक्रार महिन्याने परत आली, तर तो त्याच्या बाजूने उभा राहतो. दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला तो कोड काय कळणार? रक्ताच्या तपासणीचे आकडेही सगळ्यांना कळत नाहीत, तरी अहवाल रुग्णाच्या हातात देतातच, कारण त्यामुळे दुसऱ्याचे मत घेता येते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना कोड लिहून घेण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. ऊस पिकवणाऱ्या या भागात हे इंधन म्हणजे घरचे पीक, आणि जुन्या गाडीचा दिवा पेटला की बोलही त्यालाच लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधन-हवेचे प्रमाण बदलते. संगणक ते एका मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो. मर्यादा ओलांडली तर पी 0171 सारखा कोड नोंदला जातो. पण तोच कोड हवा शिरणाऱ्या फाटक्या नळीमुळेही येतो. लिखित नोंदी नसतील, तर इथेनॉलचे समर्थक आणि विरोधक दोघेही हवेतच बोलत राहणार.

ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत 2018 पासून हा दिवा पेटलेला असला, तर ठरावीक सालानंतरच्या गाड्या नापास होतात. आपल्याकडे पीयूसी म्हणजे धुराची तपासणी; डॅशबोर्डवर काय पेटले आहे, याचा तिथे हिशेब नाही. तरीही तो नियम आज जसाच्या तसा आणू नये. कोड लिहिण्याची शिस्त नसताना तो आणला, तर तपासणीच्या आदल्या दिवशी दिवा विझवण्याचा धंदा तेवढा तेजीत येईल. आधी बिलावर एक ओळ वाढवावी: कोड कोणता होता, तपासले काय, दुरुस्त काय केले. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाने ती ओळ मागितली, तरी सुरुवात होईल.