जेलमधला धागा किती लांबीचा?

पायाचे सूप थंड झाले की थिजते. कोलॅजेन उकळून सुटलेल्या जिलेटिनची ही करामत. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. मात्र असे जेल दाबले की फुटते, शरीराच्या उष्णतेने वितळते. जखमेवर ते टिकणार कसे?

त्यावर संशोधकांनी शोधलेला एक उपाय म्हणजे सेपिओलाइटसारख्या खनिज मातीचे नॅनोतंतू. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, प्रथिनांवरच्या धन भाराशी तो चिकटतो. स्लॅबमध्ये सळया घालाव्यात तसे हे तंतू जेलला बळ देतात. हाडाची रचना तरी वेगळी कुठे आहे? कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावे; खनिज विरघळते आणि उरलेले कोलॅजेन रबरासारखे वाकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून उभी राहिलेली सेरिजेन ही कंपनी हाडातली पोकळी भरण्यासाठी रेशमातले प्रथिन वापरते.

जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी चालायला येणाऱ्या मधुमेहींना याचे महत्त्व सांगायला नको. चपलेने घासून झालेला फोड महिनोन्महिने भरत नाही. जखम ओलसर ठेवणारे, हळूहळू औषध सोडणारे, न फाटणारे जेल त्यांना हवेच आहे.

पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ॲस्बेस्टॉसही खनिज तंतूच आहे, आणि तो फुफ्फुसात गेल्यावर काय करतो हे सर्वांना ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये पॅलिगोर्स्काइट या मातीचे पाच मायक्रोमीटरपेक्षा लांब तंतू ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात टाकले. आखूड तंतू आणि सेपिओलाइट मात्र पुराव्याअभावी वर्गीकरणाबाहेर राहिले. म्हणजे खनिजाच्या नावाइतकीच तंतूची लांबीही महत्त्वाची. ओल्या जेलमध्ये बांधलेला तंतू श्वासात जाण्याची शक्यता कमी; धोका आहे तो कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला. शिवाय जेल विरघळल्यावर तंतू शरीरात कुठे जातात, याचे उत्तर परवानगीआधी मिळायला हवे. उत्पादकाने तंतूंची लांबी वेष्टनावर छापावी, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर ‘मातीने जखम भरते’ अशी बातमी वाचून कुणी मुलतानी माती पायाच्या जखमेवर लावू नये. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मधुमेहीने पायावरचा लहानसा फोडही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.