पेटणारी जमीन आणि शेवाळ लावणारे हात

जून २०१८ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूर या माळरानाला लागलेली आग विझवण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. तिथली जमीन पीटची, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. वाळली की ती आतल्या आत धुमसत राहते आणि धुरातले सूक्ष्म कण पायथ्याच्या वस्तीतील दमेकऱ्यांच्या छातीत उतरतात.

जमीन ओली ठेवते ते स्फॅग्नम शेवाळ. गिरण्यांच्या धुराड्यांमुळे पडलेल्या आम्ल पावसाने ते मोठ्या प्रमाणावर मेले. आता या डोंगराळ भागात स्वयंसेवक स्फॅग्नमची रोपे हाताने लावतात, घळींमध्ये बांध घालण्यास मदत करतात. (पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील स्वयंसेवकांनी हेच शेवाळ जखमांवर बांधण्यासाठी गोळा केले होते. कापसापेक्षा ते अधिक द्रव शोषते.)

पण ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी माळ जाळण्याची प्रथा तिथे जुनी आहे. २०२१ मध्ये त्यावर निर्बंध आले, तेव्हा ते संरक्षित क्षेत्रातील जाड थरांपुरतेच होते. हे म्हणजे औषध चालू आणि कुपथ्यही चालू, असे होते.

पीटचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. गेलेला थर या पिढीला दिसणार नाही. पाण्याची पातळी मात्र बांध घातल्यावर लवकर वर येऊ शकते, आणि आग रोखायला आधी तेवढेच लागते.