हा डाग काहीतरी सांगतोय!

शनिवारची सकाळ. आठवडाभराच्या डेडलाइन्स संपवून कॉफीचा मग हातात घेतला, हॉलमध्ये आले, तर पायाखाली ओलं! समोर बंड्या. वय वर्षं ११, जात विचारू नका, चेहऱ्यावर 'मी नाही त्यातला'. पंधरा दिवसांतली ही चौथी वेळ.

तुमच्या घरी टाइल्स असतील तर फडका मारला की विषय संपला. पण कोथरूडला मी भाड्याने राहते त्या फ्लॅटच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, हौसेने हॉलभर खऱ्या सागाचं फ्लोअरिंग केलंय. चावी देताना त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग बंड्याकडे आणि मग डिपॉझिट वाढवलं!

त्यामुळे मी आधी काय केलं? बंड्याला सॉलिड झापलं. मग फिनेल ओतलं, फडक्याने खसाखसा घासलं. तीनही गोष्टी चुकल्या, हे नंतर कळलं.

ओला डाग घासायचा नसतो, टिपायचा असतो. घासला की तो फळ्यांच्या फटीत उतरतो. जुना टॉवेल किंवा टिश्यू दाबून धरा, मग गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कपड्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. साग झाला तरी लाकूडच ते, बादली ओतायची नाही. वासासाठी पेट शॉपमधला एन्झाइम क्लीनर आणा. लघवीतलं युरिक ॲसिड साध्या पाण्याने नीट निघत नाही, एन्झाइम त्याचं विघटन करतात. फिनेलने आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. मग स्वारी पुन्हा तिथेच! ब्लीच तर अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो.

सोफ्यामागे मात्र एक काळा डाग निघाला. म्हणजे हे प्रकरण मला वाटलं त्यापेक्षा जुनं होतं. लघवी साचून राहिली की तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, लाकडातल्या टॅनिनवर त्याची क्रिया होते आणि लाकूड काळवंडतं. हा डाग वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो. त्यावर उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. मेडिकलमध्ये बहुतेकदा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के. ग्लोव्ह्ज घालून, त्यात भिजवलेलं फडकं डागावर काही तास ठेवायचं, अधूनमधून बघायचं. आधी कोपऱ्यात ट्राय करा, कारण त्याने लाकडाचा रंगही उडतो. तेवढ्याने भागलं नाही तर पॉलिशवाल्याला बोलवा. तो वरचं पॉलिश काढेल, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासेल आणि नवा हात मारेल. एक गोष्ट मात्र आधी बघा. तुमचं 'वुडन फ्लोअरिंग' लॅमिनेट असेल तर घासाघाशी विसरा. वरचा थर म्हणजे लाकडाचं छापील चित्र, ते गेलं की गेलं. आत पाणी शिरलं तर पाटी फुगते, मग ती बदलण्याशिवाय इलाज नाही.

हे सगळं शिकून झाल्यावर मी मोठ्या विजयी मुद्रेने बंड्याच्या डॉक्टरांना फोन केला. प्रश्न एकच होता, 'याला पुन्हा शिस्त कशी लावू?' डॉक्टरांनी उलट विचारलं, "पाणी किती पितो हल्ली?"

आणि मग माझी ट्यूब पेटली. बाउल दिवसातून तीनदा भरत होते मी. उन्हाळा आहे, असं म्हणत! भरपूर खाऊनही तो बारीक होत होता, तर 'डाएट जमलं' म्हणून कौतुक करत होते. रक्त आणि लघवी तपासली. डायबेटिस.

अकरा वर्षं ज्याने घरात कधी एक थेंब सांडला नाही, तो अचानक का सांडेल, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. मला दिसत होतं ते डिपॉझिट. त्याला आवरत नव्हतं आणि मी ओरडत होते. म्हणून सोफ्यामागे जायला लागला होता बिचारा.

आता दिवसातून दोनदा इन्शुलिन. पहिल्यांदा सुई टोचताना हात माझेच थरथरत होते, तो आपला डब्याकडे बघत बसला होता. हॉल बहुतेक दिवस कोरडा असतो.

काळा डाग फिकट झाला, पण पूर्ण गेला नाही. शेवटी काकांना बोलावून दाखवला, सगळं सांगितलं. ते वाकले, फळीवर बोट फिरवलं. "पॉलिशचे पैसे कापणार हं," म्हणाले. मग तिथेच बसून बंड्याचा कान खाजवत विचारलं, "याला बिस्किट चालतं का गं आता?"

तेव्हा दोस्तहो, घरातल्या शहाण्या प्राण्याने अचानक जमीन ओली केली, तर फडका जरूर आणा. पण त्याच्यावर ओरडण्याआधी डॉक्टरांना फोन करा!