पगार आणि मानधन

पावाप्रमाणे ‘पगार’ हा शब्दही मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. मूळ पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे. अर्थ, देणे चुकते करणे. स्पॅनिश ‘पागार’, इटालियन ‘पागारे’, फ्रेंच ‘पेये’ ही त्याची भावंडे. सर्वांचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. त्याच्याही मागे ‘पाक्स’, शांतता. पुढे लॅटिनमध्येच या क्रियापदाला धनकोचे समाधान करणे, त्याचे देणे फेडणे, हा अर्थ चिकटला. तेव्हा श्रम करणारा हा धनको आहे आणि त्याचे देणे फिटेपर्यंत शांतता नाही, असे या शब्दाचा इतिहास सांगतो.

खानदेशावर पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. तरी किनाऱ्यावरचा हा शब्द येथे पुरता रुजला. अखाजीला सालदाराचा ठराव होई, त्याला ‘साल’ पुरेसे होते. धुळे-अमळनेरच्या गिरण्या आणि भुसावळची रेल्वे यांमुळे महिन्याची मिळकत आली आणि तिच्याबरोबर ‘पगार’ घरोघरी पोहोचला.

आज जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाला मात्र ‘पगार’ नसतो, ‘मानधन’ असते. अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांनाही तेच. शब्द अस्सल संस्कृत आणि भारदस्त आहे. पण संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मनुष्य! शासकीय मराठीने नकळत तो मूळ अर्थ खरा करून दाखवला आहे.

शब्द बदलून रक्कम वाढत नाही, हा आक्षेप मान्य. परंतु काय मागता येते, हे शब्द ठरवतो. पगार ‘थकतो’, कारण तो देणे असतो. मानधन ‘मिळते’, कारण ते दिल्यासारखे असते. पगार मागणारा हक्क सांगतो. मानधन मागणाऱ्याला आधी संकोच जिंकावा लागतो.

भाषाशुद्धीचा विचार आपण बहुधा शब्दाचे कूळ पाहून करतो. तो शब्द कोणाचे देणे मान्य करतो आणि कोणाचे झाकतो, हेही पाहिले पाहिजे. या कसोटीवर परका ‘पगार’ मला अधिक आपला वाटतो. व्युत्पत्तीच्या तासाला हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पुष्कळदा ते लिहिणारा हात मानधनावरचाच असेल.